मास्तरांच्या पेटीतले दोन दिवे

खोपोली, शनिवार, १९ नोव्हेंबर १९३८

मास्तर, येत्या मार्गशीर्षात तुम्हाला जाऊन अकरा वर्षं होतील. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, याची आधी क्षमा मागतो. गेलेल्या माणसाला पत्र लिहीत नाहीत हे मला कळतं. पण मी रोजनिशी लिहिणारा माणूस आहे, आणि ज्या गोष्टीबद्दल आज लिहायला बसलो आहे ती मी रोजनिशीतही टाळली. त्या आठवड्याचं पान काल काढून पाहिलं. "खालापूरचे प्रदर्शन पार पडले. उकाडा फार." एवढंच आहे. त्या दिवशी तुमच्या पेटीचे दोन्ही दिवे माझ्या हातून जळाले, तुमच्यापुढे मी खोटं लिहिलं आणि त्या खोट्याची शिक्षा तुमच्या गाडीवानाला झाली, यातलं एक अक्षर त्या पानावर नाही. काकू असत्या तर त्यांना सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. त्या तुमच्यानंतर चार वर्षं होत्या, पेणला भावाकडे. त्या चार वर्षांत मी दोनदा पेणला जाऊन आलो आणि दोन्ही वेळा पोह्यांबद्दल बोलून परत आलो.

तुमचं कर्जतचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. चुलीवर तवा, आणि तव्याखाली निखाऱ्यात खुपसलेली, तारा कथलाने सांधायला डाख द्यायची तांब्याची सळई. तुम्ही दर दोन मिनिटांनी येऊन ती बाहेर काढता, ओल्या फडक्याला लावून तिचा चर्र असा आवाज होतो का ते बघता, म्हणजे वाफ बघता, कारण आवाज तुम्हाला येत नाही. काकू भाकरी थापता थापता म्हणतात, "या घरात भाकऱ्या कमी आणि कथील जास्त भाजतं." तुम्ही विचारता, "काय म्हणते?" मी पाटी उचलतो. काकू माझ्या हातातून ती ओढून घेतात आणि पिठाच्या बोटांनी लिहितात, 'मीठ संपले.' तुम्ही मान डोलावून निघून जाता. मग त्या मला म्हणतात, "तुझ्या मास्तरांनी मला अक्षरं शिकवली ती बरी झाली बघ. भांडण झालं की पाटी पुसायची. बाकीच्या बायकांना एवढं सुख कुठलं?" आम्ही दोघं हसतो, आणि तुम्ही ओटीवरून ओरडता, "हसताय काय? मला कळतं सगळं."

मी तुमच्याकडे तिसरीत शिकलो तेव्हा तुमचे कान चांगले होते. वर्गात मागच्या बाकावर कोणी पेन्सिल कुरतडली तरी तुम्हाला कळायचं. मी मुंबईला कॉलेजात निघालो तेव्हा तुम्ही मला तुमची एक सळई दिलीत, खैराच्या लाकडाची मूठ स्वतः बसवून, आणि म्हणालात, "पुस्तकात वीज समजेल, पण ती हातात यायला ही लागेल." मी पदवी घेऊन इथल्या वीजघरात लागलो तोवर तुम्हाला तुमची सतार ऐकू येईनाशी झाली होती. सतारीचा भोपळा पोटाशी घट्ट धरून, हनुवटी दांडीला टेकवून तुम्ही बसायचात. हाडांतून जेवढं येईल तेवढं.

मग ती पेटी. इंग्रजी मासिकांत बिनतारी यंत्रांच्या आकृत्या यायच्या. तुमचं इंग्रजी शाळेपुरतंही नव्हतं, पण कोश शेजारी ठेवून तुम्ही त्यांतली प्रत्येक ओळ सोडवलीत. स्टेशनातल्या तारमास्तरांनी मोडीत निघालेला टेलिफोन दिला. त्यातला बोलायचा भाग तुम्ही मेण आणि रबराची चकती लावून सतारीच्या तबलीला चिकटवलात. तिथून तार पेटीत, पेटीत काचेचे दोन दिवे एकापुढे एक, पहिल्याने आवाज मोठा करायचा, दुसऱ्याने आणखी मोठा, आणि शेवटी कानांवर चढवायची दोन श्रवणयंत्रं. इंग्रजीत याला ॲम्प्लिफायर म्हणतात असं मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हणेनात. आपण पेटी म्हणू." दिव्यातल्या तापणाऱ्या तारेला तुम्ही वात म्हणायचात. वातीसाठी लागणारी ॲसिडची बॅटरी जेमतेम चार व्होल्टची, ती धाकटी. दिव्याच्या पत्र्याला द्यायची कोरडी बॅटरी नव्वद व्होल्टची, ती थोरली. "या दोघी जावा," तुम्ही मला पहिल्या दिवशी बजावलंत. "एका घरात नांदतील, पण थोरलीला धाकटीच्या खोलीत पाठवलीस तर वाती एका क्षणात भस्म." आणि म्हणून तुमचा नियम असा की जोडताना एकाने तोंडाने बोलायचं, दुसऱ्याने जोडायचं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं, तरी मी बोलायचो आणि तुम्ही माझ्या ओठांकडे बघून तार लावायचात. धाकटी, डावीकडे. थोरली, उजवीकडे. पाढे म्हणावेत तसं.

पहिल्यांदा पेटी लागली तो रविवारचा दिवस आठवतो. तुम्ही कानांवर यंत्रं चढवून सतारीवर बोट फिरवलंत. आम्हाला नेहमीचीच सतार ऐकू येत होती, बारीक, ओटीभर. पण तुमचा चेहरा असा झाला की काकू हातातलं सूप खाली ठेवून उभ्या राहिल्या. तुम्ही थोडा वेळ वाजवलंत आणि एकदम थांबलात. मला वाटलं आता तुम्ही काहीतरी थोर बोलणार. तुम्ही रागावलात. "चौथ्या पडद्यावर तार घासते आहे. किती दिवस घासते आहे?" मग माझ्याकडे वळलात, "तुला ऐकू येत होतं?" मी मान डोलावली. "हिला?" काकूंनीही डोलावली. "आणि दोघांनी मला सांगितलं नाही. मी बहिरा म्हणून खराब वाजवलेलं चालतं, होय?" मग तुम्ही पडदा नीट केलात आणि पुन्हा वाजवायला बसलात, आणि आमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाहीत. मास्तर, आम्हाला वाटलं होतं आम्ही तुमच्यावर दया करतो आहोत.

पुढची दोन वर्षं तुम्ही त्या पेटीला स्वस्थ बसू दिलं नाहीत. दिव्याला टिचकी मारली की कानात घंटा वाजते हे लक्षात आल्यावर दिव्यांची फळी तुम्ही सायकलच्या ट्यूबचे चार पट्टे कापून त्यांवर टांगलीत, पाळण्यासारखी. शिट्टी घुमायला लागली की तारा एकमेकींपासून दूर नेल्यात, मग पुन्हा जवळ आणल्यात, मग त्यांच्यामध्ये बिस्किटाच्या डब्याचा पत्रा उभा केलात. दर वेळी मला पत्र: "एक बदल केला आहे, येऊन बघणे." मी यायचो, आणि खरं सांगायचं तर मनात थोडं हसायचो. माझ्याकडे पदवी होती. मला वाटायचं, हे सगळं चाचपडत चाललं आहे, मी हात घातला तर एका दिवसात दुप्पट करीन.

धाकटी दर पंधरवड्याला भरून घ्यावी लागे, आणि वीज होती ती आमच्याकडे, खोपोलीत. ॲसिड आहे म्हणून गार्ड ती आगगाडीत घेईना. तेव्हा तुम्ही पोशीरच्या एका गाडीवानाला धरलंत. पावसाळ्यात तो भात लावायचा आणि उरलेले महिने कर्जतच्या नाक्यावर बैलगाडी घेऊन असायचा. काचेचं सामान नेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कासाराच्या बांगड्यांच्या पेट्या तो कर्जतपासून खालापूरपर्यंत न्यायचा आणि एक बांगडी फुटायची नाही. तो माझ्या दारात येऊन हाक मारायचा, "सायेब, मास्तरांची बाळंतीन आनली हाय, हिला काय खायला-प्यायला घाला." मी त्याला अरे-तुरे करायचो. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा होता.

त्या चैत्रात प्रांताच्या डॉक्टरांनी तुमचे कान तपासले. तुम्ही मला ते सहज सांगितलंत, पेटीचा स्क्रू पिळता पिळता. "दिवाळीपर्यंत उरलंसुरलं जाईल म्हणतात. मग या पेटीचाही उपयोग नाही. तेव्हा आता रोज वाजवून घेतो." हे मला ठाऊक होतं. म्हणजे पुढचं मी अजाणता केलं असं मला म्हणता येणार नाही.

वैशाखात खालापूरला तालुक्याचं शेतकी प्रदर्शन होतं. मामलेदार भाषण करणार होते. वीजघरातला शिकलेला माणूस म्हणून त्यांनी मला बोलावलं, आणि बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो की मी यंत्राने त्यांचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचवीन. घरी आल्यावर कळलं की असं यंत्र माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. मी कर्जतला आलो आणि पाटीवर लिहिलं, 'पेटी चार दिवस हवी.' तुम्ही वाचून पाटी पुसलीत. मग म्हणालात, "कानातल्या यंत्रापुरती आहे ती. मैदानाला पुरायची नाही." मी लिहिलं, 'मी बघतो.' तुम्ही म्हणालात, "बघ. पण आतली जोडणी हलवू नकोस. नेतोस तशी आण." काकूंनी पेटीभोवती तुमचं जुनं धोतर गुंडाळलं. तुम्ही गाडीपर्यंत आलात आणि गाडीवानाच्या हातात पेटी स्वतः दिलीत, माझ्या नाही.

मी जोडणी हलवली. तिसरा दिवा घातला, कर्णा जोडला, आणि हे करताना बॅटऱ्यांच्या तारा अडकवायचे बाहेरचे सगळे खुंटही काढून इंग्रजी आकृतीत असतात त्या क्रमाने बसवले. त्याची काही गरज नव्हती. आज इतक्या वर्षांनी मी स्वतःला विचारतो की खुंटांना का हात लावला, तर उत्तर एकच येतं: तुमचा क्रम तुमच्या मनाचा होता आणि माझा पुस्तकातला होता, आणि पेटी माझी दिसावी असं मला वाटत होतं. इथे माझ्या खोलीत ती छान चालली. मी घड्याळ ठेवलं तर त्याची टिकटिक कर्ण्यातून हातोड्यासारखी आली. त्या दिवशी मी फार खूश होतो.

प्रदर्शनाच्या दिवशी गाडीवान सकाळीच आला. त्याने पेंढ्याची गादी केली, वर स्वतःची घोंगडी घातली, वर पेटी, आणि स्वतः खाली उतरून बैलांच्या तोंडाशी चालत राहिला. मी मागून सायकलीवर होतो. कचेरीच्या एका खोलीत पेटी उतरवली. तो बैल सोडायला बाहेर गेला. खोलीत मी आणि एक शिपाई. बाहेर माणसं जमली होती, मामलेदारांचा कारकून दोनदा डोकावून गेला, "झालं का? साहेब खोळंबलेत." मी बॅटऱ्या जोडायला घेतल्या. तोंडाने काही बोललो नाही. बोलायला शिपाई होता, पण त्याच्यापुढे पाढे म्हणायची मला लाज वाटली. हाताला तुमच्याकडची सवय होती. धाकटी डावीकडे, थोरली उजवीकडे, दोन वर्षं तेच. आणि खुंट मी स्वतः उलटे बसवलेले होते. तिन्ही दिवे एकदम पांढरे लखलखले आणि विझले. शिपाई म्हणाला, "आयला, वीजच चमकली की! सायेब, आता आवाज येनार का?"

मग कारकून आला आणि मी म्हणालो, "गाडीत आदळली. आतल्या तारा तुटल्या." हे वाक्य तोंडातून इतकं सरळ आलं की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. कारकून चुकचुकला आणि गेला. मामलेदारांनी साध्या आवाजात भाषण केलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. बाहेर ते शेणखताबद्दल बोलत होते आणि आत मी दार लोटून पेचकसाने तिसरा दिवा काढत होतो, कर्ण्याच्या तारा काढत होतो, सगळे खुंट एकेक करून तुमच्या क्रमाने परत बसवत होतो. चूक एका क्षणात झाली, मास्तर. पण हे काम मी तासभर, शांतपणे, नीट केलं. तुम्ही शिकवलेलं सगळं त्यात वापरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कर्जतला आलो. तुम्ही ओटीवरच होतात, सतार लावून ठेवलेली; काकू घरात नव्हत्या. पेटी उघडलीत, दिवे काढून खिडकीशी धरलेत. मी पाटीवर लिहिलं, 'रस्त्यात गाडी आदळली असावी. वाती तुटल्या.' हे लिहितो आणि थांबतो. 'असावी' हा शब्द मी आत्ता घातला. पाटीवर तो नव्हता. तिथे 'गाडी आदळली' असंच होतं.

तुम्ही म्हणालात, "रबरावर टांगलेली होती रे." मग पुन्हा दिवा उजेडात धरलात. "आणि वात लोंबत नाही. नाहीशीच झाली आहे." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेव्हा बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. मी पाटीकडे बोट केलं. तुम्ही वळलात आणि पायरीशी उभ्या असलेल्या गाडीवानाला म्हणालात, "तुझ्यावर विश्वास टाकला होता मी."

त्याला आधी कळेचना. अक्षर त्याला येत नव्हतं, पाटीवर काय आहे हे तो माझ्या तोंडाकडे बघून ओळखायला बघत होता. मग म्हणाला, "नाय मास्तर, आदळली नाय हो! देवाशप्पत नाय!" तोंडात तंबाखू, वर मिशा. तुम्हाला त्याच्या ओठांवरून काही उमगेना. तुम्ही कानाशी हात नेलात आणि खाली केलात. तो माझ्याकडे वळला. "सायेब, तुमी लिवा ना त्यांना. लिवा का गाडी आदळली नाय. पेंढा घातला व्हता, घोंगडी व्हती, मी सोता चालत आलो, तुमी बघितलंय. तेवढं लिवा." तो हात जोडून नव्हता उभा. हक्काने सांगत होता, कारण मी पाहिलं होतं.

मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'तो म्हणतो, चूक झाली, माफ करा.'

तुम्ही वाचलंत. तुमचा चेहरा लगेच निवळला, तुम्ही असेच होतात. पायरी उतरून गेलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "असू दे. झालं ते झालं. पण काचेचं सामान आता तुझ्या गाडीत नको." त्याने बैल जुंपले. नाक्यापर्यंत आम्ही बरोबर गेलो. तिथे त्याने विचारलं, "मी सांगलं ते लिवलंत ना सायेब?"

"लिहिलं."

"समदं?"

"हो रे. आता ते नाही म्हणतात त्याला मी काय करू?"

तुम्ही पुढे ते रबराचे पट्टे काढून नवे घातलेत, जाड. तुमच्या हातचं काम कमी पडलं असं तुम्हाला वाटलं हेही माझ्याच खात्यावर जातं. मुंबईच्या दुकानात तसे दिवे शिल्लक नव्हते. मी पत्रावर पत्र पाठवत राहिलो, ते विलायतेहून यायला श्रावण उजाडला. मी ते घेऊन आलो, धाकटी जोडली, थोरली जोडली, या वेळी मोठ्याने बोलून. तुम्ही कानांवर यंत्रं चढवून सतार छेडलीत. पुन्हा छेडलीत. मी कानाला लावून पाहिलं, पेटी उत्तम चालली होती. तुम्ही यंत्रं काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "नाही रे. डॉक्टरांनी दिवाळी म्हटली होती, जरा आधीच झालं." मग माझा चेहरा बघून म्हणालात, "तू कशाला वाईट वाटून घेतोस? तू एवढी धडपड केलीस." वैशाखापासून श्रावणापर्यंत तीन महिने. तुमच्या कानांत तेवढंच उरलं होतं. मार्गशीर्षात ज्वर आला आणि आठ दिवसांत तुम्ही गेलात.

पुष्कळदा मी अशी समजूत काढली की तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. वात नाहीशी झाली आहे असं तुम्ही म्हणालात, आणि ती कशाने नाहीशी होते हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तुम्ही मला मनातल्या मनात माफ केलंत, असं मी धरून चाललो. पण ते खरं असतं तर तुम्ही त्या माणसाला बोलला नसतात. निर्दोष माणसाला बोल लावून मला वाचवणारे तुम्ही नव्हतात. म्हणजे तुम्हाला कळलं नव्हतं. माझं अक्षर तुमच्या डोळ्यांपेक्षा तुम्हाला खरं वाटलं, एवढाच याचा अर्थ.

आता परवाचं सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो. गुरुवारी कर्जत स्टेशनात खोपोलीच्या गाडीची वाट बघत होतो. फलाटाबाहेरच्या हॉटेलात मालकाने बॅटरीवरचा रेडिओ आणला आहे, तो लागला होता, पाच-दहा माणसं उभी होती. त्यातला एक म्हातारा माझ्याजवळ आला. "वळखलं का सायेब? नाय ना? मी मास्तरांची बाळंतीन आनायचो तो." मला ओळख पटली तशी मी जागा करून दिली. तो बसला. बैल गेले, गाडी विकली, पळसदरीला लेकीला भेटून आता गावी परत निघालो आहे, असं सांगत राहिला. मग रेडिओकडे हात करून म्हणाला, "ह्याच्यात बी ते काचेचे दिवेच असत्यात ना? मास्तरांच्या पेटीत व्हते तसे?" मी हो म्हटलं.

"तवा मला लय राग आलता मास्तरांचा," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू, शिव्या पन दिल्या मनात. मंग मी इचार केला. मास्तर एवढा शाना मानूस. तुमी माझं समदं लिवून दिलंत, तुमी डोल्यानं बघितलेलं लिवलंत, तरी बी त्यांनी मानलं नाय. म्हंजी झालंच असंल माझ्या हातनं. त्या ओढ्याच्या उताराला एक चाक धोंड्यावरनं उतरलं व्हतं बगा. जरासंच. मला तवा काय वाटलं नाय. पन तवाच झालं असंल."

मी म्हणालो, "जाऊ द्या हो. जुनी गोष्ट."

"जुनी कुटं? कासारानं तवाच माल बंद केला, त्याला मास्तरांकडनंच कललं. त्याचं बी बरोबर हाय. आनि आमच्या गावची पोरं तर काय, मी दिसलो का वरडायची, आला रं पेटीफोड्या, मडकी उचला! आता पोरांची पोरं वरडत्यात. माझा नातू बी म्हनतो!" तो हसला, मनापासून. मग हसू आवरून म्हणाला, "मला वाईट वाटतं ते मास्तरांचं. त्यांचं वाजवनं त्यांना ऐकू यायचं, ते माझ्यापायी गेलं. बाई म्हनाल्या व्हत्या मला, नंतर नवे दिवे आले पन कान गेले. हे मला मरंस्तवर लागून ऱ्हानार."

मास्तर, मी त्याला चहा पाजला. बशीत ओतून दिला. त्याने दोनदा आशीर्वाद दिला. गाडी आली, मी चढलो, खिडकीतून हात हलवला, आणि केळवली येईपर्यंत मला आपण फार चांगलं वागलो असं वाटत होतं. चांगुलपणा असा की मी आता त्याला अहो-जाहो करतो.

गुरुवारी रात्री झोप आली नाही, काल दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, आणि आज दुपारपासून हे लिहितो आहे. इतकी पानं झाली. लिहून हलकं वाटतं आहे, आणि तेच मला आवडत नाही. तुम्ही हे वाचणार नाही. काकू वाचणार नाहीत. ज्याला हे समजायला हवं त्याला वाचता येत नाही. त्याच्यासमोर मला तोंडाने बोलावं लागेल, आणि ते टाळण्यासाठीच मी कागद पुढे ओढला हे मला तिसऱ्या पानावरच कळलं होतं, तरी लिहीत राहिलो. त्याला सांगून काय होईल मला माहीत नाही. तो मला शिव्या देईल तर बरं. तो "जाऊ द्या हो" म्हणाला तर काय करायचं याचा मी अजून विचार केलेला नाही.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, या वहीतच राहील. एक गोष्ट मात्र कबूल करायची राहिली. मला त्या माणसाचं नाव ठाऊक नाही. तेव्हा विचारलं नाही, कारण गाडीवान म्हटलं की भागायचं. परवाही विचारलं नाही. पोशीरला जाऊन कोणाचं घर म्हणून विचारणार? ज्या नावाने पोरं त्याला चिडवतात तेवढंच मला माहीत आहे, आणि ते नाव त्याला माझ्यामुळे पडलं. तेच घेऊन दारोदार विचारत जावं लागणार.

उद्या: पहिल्या गाडीने कर्जत, तिथून नेरळ, पुढे चालत पोशीर.